बाळाच्या पहिल्या वर्षाचा खर्च किती धरायचा?

रानजाई

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या. सातवा महिना लागलाय, पहिलंच बाळ, राहायला पुण्यात. दोघंही नोकरी करतो. घरात सध्या कुठलाही विषय निघाला की गाडी पैशांवर येऊन थांबते. नवऱ्याने एक्सेल शीट केलीये, रोज रात्री जेवणं झाली की तिच्यात एखादी ओळ वाढते. आत्तापर्यंत असं आहे:

दवाखाना १,२०,००० (सिझर धरून)
डायपर महिना ३,०००
लसी वर्षाच्या ३०,०००
पाळणा, प्रॅम, कपडे ४०,०००
मालिशवाल्या मावशी, तीन महिने, ३६,०००
बारसं ५०,०००
किरकोळ महिना २,०००

बरोबर वाटतंय का? काय राहिलंय, काय उगाच धरलंय? आणि एक ओळ रिकामी आहे. माझी रजा संपली की बाळाला कोण बघणार? तिथे त्याने नुसतं प्रश्नचिन्ह टाकून ठेवलंय. माझी आई शाळेत शिकवते, निवृत्तीला वेळ आहे. सासूबाई सोलापूरला, गुडघ्यांनी बेजार.


टवाळ_कार्टं

'किरकोळ २,०००' वाचून डोळे पाणावले. आमच्याकडे पहिल्या वर्षी किरकोळ हीच मुख्य ओळ होती.


मीनल_ठाणे

अभिनंदन गं! आता दवाखान्याचं ऐक, कारण तिथेच आकडा सगळ्यात जास्त हलतो.

नाव नोंदवतानाच छापील पॅकेज मागून घे, आणि त्यात काय धरलेलं नाही ते आधी विचार. आमच्या पॅकेजात बाळाच्या डॉक्टरांची फी नव्हती, भूलतज्ज्ञांची वेगळी, औषधं वेगळी आणि 'कन्झ्युमेबल' म्हणून आणखी एक रक्कम. हातमोजे, कापूस, सिरिंज असलं सगळं त्या नावाखाली येतं आणि विम्यातून हमखास तेच कापलं जातं. दुसरी गोष्ट खोलीची. बऱ्याच खाजगी हॉस्पिटलांत खोलीच्या वर्गावर बाकीचे दर ठरतात. स्वतंत्र खोली घेतली की नुसतं भाडं वाढत नाही, ऑपरेशन थिएटर, सर्जन, रोजच्या व्हिजिटा सगळं वरच्या दराने लागतं. आपल्याला वाटतं तीन दिवसांचे पाच-सहा हजार जास्त, काय बिघडलं. बिल हातात आलं की कळतं काय बिघडलं ते.

माझ्या लेकीची कावीळ तिसऱ्या दिवशी वाढली म्हणून तिला निळ्या दिव्याखाली ठेवली. त्याचं बावीस-तेवीस हजारांचं बिल बाळाच्या नावाने वेगळं निघालं. ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीत प्रसूतीची मर्यादा पन्नास हजार, ती सिझरमध्येच उडून गेली होती. पण पॉलिसीत नवजात बाळाला पहिल्या दिवसापासून संरक्षण होतं आणि नवऱ्याने एचआरला त्याच रात्री मेल टाकला होता, म्हणून बाळाचं बिल मंजूर झालं. तुमची पॉलिसी आत्ताच वाचून ठेवा. बाहेरून नवी वैयक्तिक पॉलिसी घेऊन या बाळंतपणाला उपयोग नाही. प्रसूतीसाठी प्रतीक्षाकाळ असतो, काहींचा तर दोन ते चार वर्षं.

शीटमध्ये 'बाळ काचेत ठेवावं लागलं तर' अशी एक ओळ टाक आणि ते पैसे बाजूला ठेव. नाही लागले तर उत्तमच.


गोदाकाठची_आजी

रानजाई, बाळ, तुझ्या नवऱ्याच्या यादीत बाळंतिणीचं खाणं कुठे आहे? डिंक, अळीव, खारीक, गोडंबी, साजूक तूप, सुकं खोबरं. खोबऱ्याचा भाव विचारून बघ म्हणावं एकदा. डिंकाच्या लाडवांचे दोन घाणे आणि रोजची अळिवाची खीर धरलीस तर तीन महिन्यांत दहा-बारा हजार सहज जातात. माहेरी गेलीस तर ते आईच्या पदरचे जातील, पण जातील हे नक्की.

मालिशवाली घे. महिना बारा हजार म्हणजे पुण्याचे भाव, आमच्या नाशकात अजून सात-आठ हजारांत मिळते. पण ती नुसतं बाळाला न्हाऊमाखू घालत नाही. तुझ्या कमरेला तेल लावते, शेक देते, आणि वर तू रात्री झोपलीस का ते विचारते. बाकी जो तो बाळालाच विचारायला आलेला असतो.

कपड्यांना पैसे घालू नकोस. माझ्या जुन्या सुती साड्यांची दुपटी आणि लंगोट चार नातवंडांना पुरले. झबली-टोपडी तर बारशालाच इतकी येतात की निम्मी अंगाला लागायच्या आत लहान होतात. बाळंतविडा कोण करणार असेल तिला सांग, सहा महिन्यांच्या पुढच्या मापाचं आण. आणि घरी उगाळायला सहाण, वेखंड, जायफळ, हळकुंड...


बाळाचे_डॉक्टरकाका

आजी, सहाणेपाशीच थांबवतो तुम्हाला. :) पहिले सहा महिने फक्त आईचं दूध. गुटी नाही, मध नाही, ग्राइप वॉटर नाही, वरचं पाणीसुद्धा नाही. ही ओळ शून्य रुपयांची आहे, ती शून्यच राहू द्या.

लसींचे तीस हजार कुठून आले ते मला ठाऊक आहे. खाजगी दवाखान्यात सगळं घेतलं तर साधारण तिथेच पोचतो आपण. पण त्यातलं किती आवश्यक आणि किती सोयीचं, ते समजून घ्या.

सरकारी कार्यक्रमात जन्मल्यावर बीसीजी, पोलिओचे थेंब आणि कावीळ-ब. मग सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंट, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ-ब आणि हिब (न्यूमोनिया-मेंदूज्वराचा एक जंतू) एकत्र. सोबत रोटाव्हायरस, पोलिओचं इंजेक्शन आणि न्यूमोकोकल. नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेला. हे सगळं महापालिकेच्या दवाखान्यात एक पैसा न देता मिळतं. न्यूमोकोकल लस २०२१ मध्ये देशभर सरकारी कार्यक्रमात आली. त्याआधी तिच्या तीन-चार डोसांना लोक दहा हजारांच्या पुढे मोजत होते. अजूनही अनेक जण मोजतात, कारण त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

खाजगीत ज्याला 'पेनलेस' म्हणतात तिच्यात डांग्या खोकल्याचा घटक वेगळ्या पद्धतीने बनवलेला असतो. ताप कमी येतो, पाय कमी सुजतो. एका डोसाचे तीन-चार हजार त्याचे असतात. पण जुन्या पद्धतीच्या, म्हणजे पालिकेतल्या, लसीचं डांग्या खोकल्यापासूनचं संरक्षण जास्त काळ टिकतं, हे पालकांना सहसा कळत नाही. ताप एक-दोन रात्रींचा असतो, पॅरासिटामॉल किती द्यायचं ते डॉक्टर वजनावर सांगतात.

सरकारी यादीत नसलेल्या काही लसी मात्र आमची बालरोगतज्ज्ञांची संघटना सुचवते. सहा महिन्यांनंतर फ्लू, त्याच सुमारास टायफॉइड, वर्षानंतर कावीळ-अ आणि कांजिण्या. या विकतच घ्याव्या लागतात. म्हणून माझ्या ओळखीतल्या चार पैसे राखून राहणाऱ्यांना मी सांगतो, पहिल्या नऊ महिन्यांचं पालिकेत करा आणि वाचलेल्या पैशांत या घ्या. माझ्या धंद्याच्या दृष्टीने हे बोलू नये, पण बोललो.


रानजाई

डॉक्टरकाका, पालिकेच्या दवाखान्यात साठवण नीट असते का? सासरी सगळ्यांचा यावरच आक्षेप आहे.


उपकेंद्रावरून

मी सांगू? मी आरोग्यसेविका आहे, सातारा जिल्ह्यात. लसी आमच्या आरोग्य केंद्रात आइस-लाइन्ड (बर्फाचं अस्तर असलेल्या) फ्रिजमध्ये असतात. दिवसातून दोनदा तापमान लिहावं लागतं, रविवारीही. सत्राला नेताना बर्फाच्या पॅकसह कॅरिअर. बाटलीवर एक चौकोन असतो, तो ठरावीक रंगाच्या पुढे गेला की ती बाटली बाद. तुम्ही कुठेही लस घ्या, खाजगीतही, 'चौकोन असेल तर दाखवा' म्हणा आणि एक्स्पायरी बघा. विचारल्याचा राग येत असेल तर दुसरीकडे जा.

पुण्याच्या धाग्यावर खेड्यातलं सांगते, पण वाचणाऱ्यांत सगळे काही पुण्याचे नसतील. सरकारी दवाखान्यात प्रसूती मोफत, सिझर झालं तरी मोफत. औषधं, रक्त, तपासण्या, आईचं जेवण, घरून आणणं आणि परत सोडणं, सगळं. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे. गाडीसाठी १०२. बाळ आजारी पडलं तर त्याचे उपचारही त्यातच, मोठ्या रुग्णालयात नवजात बाळांचा वेगळा कक्ष असतो. आणि घरी गेल्यावर आशाताई बेचाळीस दिवसांत सहा वेळा येते, बाळाचं वजन करते, ताप बघते, दूध पाजताना बाळ नीट धरलंय का बघते. दवाखान्यात बाळंत झालेल्या प्रत्येकीसाठी आहे हे.

मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळाला ५,००० आणि दुसरी मुलगी झाली तर ६,००० मिळतात, पात्रतेच्या अटी बघा. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल आणि मुलगी १ एप्रिल २०२३ नंतरची असेल तर लेक लाडकी योजनेत जन्माला ५,०००, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि अठराव्या वर्षी ७५,०००. अर्ज अंगणवाडीताईकडे.

आमच्याकडे येणाऱ्या बायकांचा खर्च दवाखान्यात होत नाही. तो रोजगार बुडण्यात होतो. ऊसतोडीला जाणारी बाई बाळ पंधरा-वीस दिवसांचं असताना फडावर परतलेली मी पाहिली आहे. तिला कसली रजा आणि कसली एक्सेल शीट. असो, विषयांतर झालं.


टवाळ_कार्टं

विषयांतर नाही झालं ताई.

(डायपरवाल्यांसाठी: २२ सप्टेंबर २०२५ पासून डायपरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय. जुन्या एमआरपीचा साठा कोणी गळ्यात मारत असेल तर भांडा.)


कोकणपट्टी

डायपरचे महिना तीन हजार म्हणजे दिवसरात्र डायपर. नवजात बाळ दिवसातून आठ-दहा वेळा ओलं करतं, नगाला आठ ते दहा रुपये धरले तर तेवढेच होतात. आम्ही दिवसा लंगोट आणि रात्री एक, बाहेर जाताना एक, असं ठेवलं. महिन्याचे सहाशेच्या आत. पण लंगोट धुणार कोण, वाळत घालणार कोण? पावसाळ्यात रत्नागिरीला लंगोट वाळवणं हा पूर्णवेळ उद्योग आहे. पंख्याखाली दोऱ्या, गॅसजवळ दोऱ्या, शेवटी इस्त्री. आमच्या आईने केलं म्हणून सहाशे. ती नसती तर तीन हजारच झाले असते, आणि ते स्वस्त वाटले असते.

प्रॅम घेऊ नका. फुटपाथ आहेत का तुमच्याकडे?


रानजाई

फुटपाथ आहे. त्यावर दुचाक्या आहेत. प्रॅम खोडली.


स्वप्नाळू_बेडूक

पावडरच्या दुधाबद्दल कोणीच कसं बोललं नाही? माझं दूध कमी पडलं (हो, सगळे उपाय केले, कृपया शतावरी सुचवू नका) आणि तिसऱ्या महिन्यापासून वरचं सुरू झालं. तीन-चार महिन्यांचं बाळ दिवसाला ७०० ते ८०० मिली पितं. तीस मिलीला एक चमचा, म्हणजे तेवीस ते सत्तावीस चमचे, म्हणजे शंभर ग्रॅमच्या वर पावडर. चारशे ग्रॅमचा डबा चार दिवसही जात नाही. डबा साधारण साडेचारशेचा. करा हिशोब. शिवाय बाटल्या, निपल, उकळायला गॅस. माझ्या माहितीत एका घरी चमचा सपाट न भरता अर्धाच घालायचे, डबा पुरावा म्हणून. बाळाचं वजन वाढेना तेव्हा डॉक्टरांच्या लक्षात आलं.


बाळाचे_डॉक्टरकाका

हे फार महत्त्वाचं लिहिलंत. पाण्याचं आणि पावडरीचं प्रमाण डब्यावर लिहिलंय तेच, ना कमी ना जास्त. ज्यांना लागतं त्यांनी अपराधी वाटून घेऊ नये. पण ज्यांना लागत नाही त्यांना ते विकलं जाऊ नये म्हणून आपल्याकडे १९९२ पासून कायदा आहे. दोन वर्षांखालच्या बाळांच्या दुधाच्या पर्यायांची जाहिरात करता येत नाही, फुकट नमुने वाटता येत नाहीत. तुमच्या हातात प्रसूतीनंतर कुठे डबा 'भेट' म्हणून ठेवला तर तो कायद्याविरुद्ध आहे हे लक्षात असू द्या. आणि दूध पुरत नाही असं वाटलं तर डबा आणायच्या आधी बाळ छातीला कसं धरतंय ते कोणा जाणत्या व्यक्तीला दाखवा. निम्म्या तक्रारी तिथेच सुटतात, हा माझा अनुभव.


लॉजिकराव

गंमत वाटते वाचून. माझ्या आईने पाच मुलं वाढवली. ना डायपर, ना पॅकेज, ना पेनलेस. वडिलांचा पगार मोजून साडेतीनशे. कुठे होता हा खर्च? तुम्ही लोकांनी मूल म्हणजे प्रोजेक्ट करून टाकलंय.


कडूनिंब

लॉजिकराव, तुमच्या आईंना विचारता आलं तर विचारा की पाचही जणांच्या वेळी घरात बायका किती होत्या. माझ्या आजोळी एका वेळी आजी, दोन मावश्या, विधवा आत्या आणि कामाला येणारी सखूबाई, इतक्या जणी होत्या. त्यातल्या एकीलाच पगार होता, तोही शिळ्या भाकरीसकट. आत्या तर आयुष्यभर दुसऱ्यांची पोरं खेळवत राहिली, तिचा हिशोब कुठल्या वहीत आहे? खर्च होताच. तुमच्या वडिलांच्या साडेतीनशेतून तो जात नव्हता, इतकंच.


लॉजिकराव

बरं. आत्या आमच्याकडेही होती.


घरचा_बाबा

रिकाम्या ओळीवर कोणीच येत नाहीये म्हणून मी येतो. बाकी सगळ्या ओळी एका बाजूला आणि ही एक बाजूला ठेवली तरी हीच जड भरेल.

कायद्याने २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, पहिल्या दोन मुलांसाठी, २०१७ च्या दुरुस्तीपासून. पण त्यात प्रसूतीआधी घेतलेले आठवडेही मोजले जातात. आधी चार आठवडे घेतलेत तर बाळ पाच महिन्यांचं असतानाच कामावर हजर व्हायचं. डॉक्टरकाका म्हणतात सहा महिने फक्त अंगावरचं दूध. मधला महिना कुठून काढायचा ते तेवढं शीटमध्ये लिहा. त्याच दुरुस्तीत पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जायची मुभा असं आहे. बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दूध पाजायला दोन सुट्ट्या वेगळ्या. एचआरला मेल करून लेखी विचारा. तोंडी विचारलं की 'बघतो' म्हणतात.

आता आकडे. आमच्या भागात (पिंपरी-चिंचवड) वर्षाच्या आतल्या बाळाला घेणारी पाळणाघरं कमी, आणि जी घेतात ती दहा-बारा हजार घेतात. घरी येणाऱ्या ताई दहा तासांचे पंधरा ते वीस हजार. वर्षाचे झाले सव्वा ते अडीच लाखांच्या आसपास, म्हणजे तुमच्या दवाखान्याइतके किंवा त्याहून जास्त, आणि हा खर्च पहिल्या वर्षावर संपत नाही.

इथे आमच्या घरी जे झालं ते सांगतो. सगळे, अगदी माझी आईसुद्धा, बायकोच्या पगारातून पाळणाघराचे पैसे वजा करून बघायचे. "तिला चाळीस मिळतात, अठरा हजार ताईंना गेले, पाच जाण्यायेण्यात. राहिलं काय? त्यापेक्षा घरीच राहू दे." माझ्या पगारातून कोणी वजा करत नव्हतं. मीही नव्हतो करत, सुरुवातीला. मग एके दिवशी तिने कागद घेतला आणि अठरा हजार दोघांच्या पगारात वाटून लिहिले. खाली तिचा पीएफ लिहिला, कंपनीचा हिस्सा लिहिला. पाच वर्षं पूर्ण व्हायला थोडेच महिने राहिले होते, सोडलं असतं तर ग्रॅच्युइटीही गेली असती. (बाळंतपणाची रजा सलग सेवेत धरतात, हे अनेकांना माहीत नसतं.) शेवटी लिहिलं, तीन वर्षांनी परत नोकरी शोधायला गेले तर पगार किती? तिथे आकडा लिहिला नाही तिने, रेघ मारून ठेवली.

शेवटी एक वर्ष मी घरी राहिलो. माझं काम घरून निम्मं-पाऊण करता येण्यासारखं होतं, तिचं नव्हतं. लोकांनी विचारायचं ते विचारलं. सोसायटीत दुपारी खाली बाळ घेऊन गेलो की वॉचमनकाका रोज म्हणायचे, "आज सुट्टी का साहेब?"


अबोली_७

घरचा बाबा, पोस्ट नवऱ्याला पाठवली.

मी सोडली होती नोकरी. पश्चात्ताप वगैरे काही नाही, मुलाबरोबर मजेत गेली ती वर्षं. पण त्या काळात भाजीवाल्याला दिलेल्या पैशांचाही हिशोब द्यावा लागायचा, कोणी मागत नसतानाही मीच द्यायचे. ती सवय अजून गेलेली नाही.

आणि एक गोष्ट डोक्यातून जात नाही. दुसऱ्याच्या वेळी आमच्याकडे ज्या ताई यायच्या त्यांची स्वतःची मुलगी दीड वर्षाची होती. ती वस्तीत आजीपाशी असायची. आजी आजारी पडली की ताईंची सुट्टी, आणि ताईंची सुट्टी म्हणजे माझी सुट्टी. मी बॉसला सांगायचे, "बाई आली नाही." ताईंना बाळंतपणात कोणी रजा दिली नव्हती, आधीच्या घरून काम गेलं होतं. ताईंना काय द्यायचं ठरवाल तेव्हा नुसता बाजारभाव बघू नका. महिन्याच्या पगारी सुट्ट्या आधीच ठरवा, आजारपणाच्या वेगळ्या. आम्ही तसं केलं तर तीन वर्षं टिकल्या.


चाकणकर

यात एक भर. ज्यांचा पगार २१,००० पर्यंत आहे आणि ईएसआय (कामगार विमा) कापलं जातं त्यांना बाळंतपणाच्या रजेचा पगार ईएसआयकडून मिळतो, तोही २६ आठवड्यांचा, पूर्ण. कंत्राटी असलात तरी. माझ्या बहिणीच्या कंत्राटदाराने 'आमच्याकडे रजा नसते' म्हणून सांगितलं होतं, ती थेट ईएसआयच्या शाखा कार्यालयात गेली. पावत्यांवर तुमचा विमा क्रमांक असतो, तो शोधून ठेवा.


स्प्रे_नदीकाठी

बर्लिनहून लिहितेय. इथे पाळणाघराला (किटा) फी नाही, २०१८ पासून. जेवणाचे महिना २३ युरो. प्रत्येक मुलाला सरकारकडून दरमहा भत्ता, २०२५ मध्ये २५५ युरो. घरी राहणाऱ्या पालकाला आधीच्या निव्वळ पगाराच्या साधारण ६५ टक्के मिळतात, महिना १,८०० युरोंपर्यंत, आणि दोघांनी वाटून घेतलं तर चौदा महिने. वाचायला स्वर्ग वाटतो. फक्त रात्री तीन वाजता बाळ रडायचं थांबत नाही तेव्हा दार वाजवायला कोणी नाही. आई-बाबा आले ते व्हिसाच्या ९० दिवसांपुरते. आईने येताना डिंकाचे लाडू आणले, शेगडी मात्र आणता आली नाही म्हणून हळहळत होती. मालिशवाली बाई इथे कुठल्याच भावात मिळत नाही.


गोदाकाठची_आजी

अगं मला बोलवायचंस.


मीनल_ठाणे

बारशाबद्दल राहिलं. पन्नास हजार सोसायटीच्या हॉलसाठी असतील तर कमी करा. घरी, बाराव्या दिवशी, जवळची पंचवीस माणसं, घुगऱ्या, पेढे, आत्याने कानात नाव सांगायचं. दहा हजारांत होतं. बाळंतिणीला त्या दिवशी टाके दुखत असतात, तीन तास नटून पाटावर बसायचं म्हणजे शिक्षा. आणि नाव ठरलं की जन्मदाखल्यात लगेच घाला. जन्माची नोंद २१ दिवसांत झाली तर शुल्क नसतं. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेला तोच एक पुरावा चालतो. स्पेलिंग दहा वेळा वाचा.


कोकणपट्टी

मुलगी झाली तर सुकन्या खातं उघडा. वर्षाला किमान २५० रुपये, कमाल दीड लाख, पंधरा वर्षं भरायचे, एकविसाव्या वर्षी मिळतात. महिना हजार टाकले आणि आत्ताचा ८.२ टक्के दर टिकला तर साडेपाच लाखांच्या आसपास. मुलगा झाला तर पीपीएफ. पुढच्या शिक्षणाचा विषय इथे काढू नका, रानजाईला सातव्या महिन्यात झोप लागायला हवी.


एक्सेलवाला

नमस्कार, मी रानजाईचा नवरा. मला काल रात्री हा धागा वाचून दाखवला गेला, उभं करून. शीट बदलली आहे. प्रॅम गेली, बारसं दहावर आलं, डायपर पंधराशे. लसींचं निम्मं पालिकेत, सासरची (म्हणजे माझीच) मंडळी त्या चौकोनावर तयार झाली. बाळंतिणीचं खाणं बारा हजार, काचेची पेटी पन्नास हजार राखीव.

रिकाम्या ओळीचं असं ठरतंय. खाजगी नोकरीत बापाच्या रजेचा कायदा नाही, आमची कंपनी पाच दिवस देते. ते दवाखान्यातच संपतील. त्यामुळे साठलेली सगळी रजा मी बाळंतपणात न घालवता रानजाई कामावर जाईल तेव्हा काढणार, साधारण सहा आठवडे होतात. सासूबाईंची (रानजाईच्या आईची) उन्हाळी सुट्टी त्याला जोडून येते. त्यापुढे पाळणाघर, दोघांच्या खात्यातून निम्मे-निम्मे. मॅनेजरला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "बायको आजारी आहे का?"

दोन पाळणाघरं बघायला शनिवारी जातोय, कोथरूडमध्ये. काय बघायचं?


मीनल_ठाणे

शनिवारी जाऊ नका, शनिवारी सगळी पाळणाघरं छान असतात. कामाच्या दिवशी दुपारी एक-दीडला जा, न सांगता. तेव्हा मुलं जेवत तरी असतात किंवा झोपायला रडत तरी असतात. आत सोडत नसतील तर तिथूनच परत फिरा. एका ताईकडे वर्षाखालची किती बाळं आहेत ते मोजा, तीनच्या वर असतील तर नको. दूध कुठे ठेवतात आणि कशात गरम करतात ते डोळ्यांनी बघा. संध्याकाळी उशीर झाला तर तासाचे किती घेतात, दिवाळीत किती दिवस बंद असतं, बंद असलं तरी पूर्ण महिन्याचे पैसे घेतात का, अनामत परत मिळते का, हे लेखी घ्या.

आणि तापाचं बाळ कुठलंही पाळणाघर घेत नाही, घेऊही नये. पाळणाघरातल्या पहिल्या सहा महिन्यांत बाळ महिन्यातून एकदा तरी तापणारच. त्या दिवशी घरी कोण थांबणार त्याचा वार लावून टाका, विषम महिने तू, सम महिने ती, काहीही. सकाळी साडेसातला थर्मामीटर हातात घेऊन ते ठरवायला बसू नका.

माझी बहीण कोथरूडलाच असते, तिची दोन्ही मुलं एका ठिकाणी होती. पत्ता व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) पाठवते.


रानजाई

व्यनि मिळाला, थँक्यू ताई! बुधवारी दुपारची वेळ काढतोय दोघं. जाऊन आलो की इथेच लिहिते.